जेट-स्कीच्या हलला जेलकोट की पीयू रंग? दोन यंत्रे, तीन कामे आणि दोन हंगामांचा अनुभव

देवबागला, जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते त्या संगमावर, आमच्या दोन जेट-स्की पर्यटकांना फिरवतात. जेट-स्की हे खरे तर कावासाकीचे व्यापारी नाव. पण आपल्याकडे छायाप्रतीला जसे झेरॉक्स म्हणतात तसे किनाऱ्यावर प्रत्येक कंपनीचे यंत्र जेट-स्कीच असते, आणि मीही इथे तोच शब्द वापरणार आहे. आमची एक यामाहाची 2012 ची व्हीएक्स आहे आणि दुसरी त्याच सुमाराची सी-डूची जीटीआय 130. दोन्ही जुन्या विकत घेतलेल्या. भर हंगामात एक यंत्र दिवसाला वीस-पंचवीस वेळा वाळूवर टेकते, आणि ओहोटीच्या वेळी तर ते दोघांनी धरून पाच-सात फूट ओढावेही लागते. अशा वापरात तळाचा थर तीन-चार वर्षांत जातोच. त्यामुळे हलला, म्हणजे यंत्राच्या पाण्यात बसणाऱ्या खालच्या कवचाला, नव्याने जेलकोट करावा की रंग द्यावा, हा प्रश्न आमच्यासारख्यांना कधी ना कधी पडतो, आणि त्यावर किनाऱ्यावर जितकी माणसे तितकी मते ऐकायला मिळतात.

मी ही कामे तीन वेळा करून घेतली. 2022 च्या पावसाळ्यातले पहिले काम पूर्णपणे फसले. 2023 च्या पावसाळ्यात केलेली दोन कामे टिकली असून त्यांवर आता दोन पुरे हंगाम गेले आहेत. कार्यशाळांची नावे मी देत नाही, कारण फसलेल्या कामात कारागिराइतकीच माझीही चूक होती. माझे यंत्र कशाचे बनले आहे हे मला ठाऊक नव्हते आणि त्यानेही ते विचारले नाही.

फरक कळण्यासाठी थोडी पार्श्वभूमी द्यावी लागेल. जेलकोट म्हणजे रंगद्रव्य मिसळलेले दाट पॉलिएस्टर रेझिन. कारखान्यात ते आधी साच्याला आतून मारतात आणि त्यावर फायबरची मॅट, म्हणजे काचेच्या धाग्यांची चटई, व रेझिन चढवतात; त्यामुळे हल साच्यातून बाहेर येतो तेव्हा जेलकोट हा वेगळा लावलेला थर नसून हलचाच बाहेरचा भाग असतो. त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर भरते. याउलट इपॉक्सी प्रायमर आणि त्यावरचा दोन घटकांचा पॉलीयुरेथेन रंग, ज्याला गॅरेजमध्ये सगळे पीयू म्हणतात, हे दोन्ही मिळून मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास जातात. म्हणजे घासून जायला जेलकोटमध्ये पाचपट साहित्य असते. चकाकीचे मात्र उलट आहे. पीयू बंदुकीतून उतरतो तोच आरशासारखा, तर हाताने चढवलेला जेलकोट संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत बसतो आणि त्याला चकाकी आणण्यासाठी पाण्याने घासण्यात दोन दिवस घालवावे लागतात.

इतके वाचून कोणीही म्हणेल की वाळूवर चालणाऱ्या यंत्राला जेलकोटच करावा. मीही तसेच म्हटले होते. गावाजवळच्या एका कार्यशाळेत व्हीएक्स नेली. त्यांनी तळ घासला, दोन हात जेलकोट मारला, बफिंग करून दिले, आणि सप्टेंबरात यंत्र पाण्यात उतरले तेव्हा ते नव्यासारखे दिसत होते. जानेवारीत एका संध्याकाळी ट्रॉलीवर चढवताना उजव्या बाजूला तळहाताएवढा पापुद्रा हलताना दिसला. नखाने उचलला तर तो पोळीचा पदर सुटावा तसा सुटून हातात आला. त्याच्या आतल्या बाजूला फायबरचा एक धागासुद्धा चिकटलेला नव्हता. गुळगुळीत, कोरडा, जणू काचेवरून सोललेला. मार्चपर्यंत अर्धा तळ उघडा पडला.

ते पापुद्रे पिशवीत घालून मी मालवणच्या एका जुन्या कारागिराला दाखवले. पारंपरिक होड्यांना फायबर चढवण्यात त्यांची हयात गेली आहे. त्यांनी पापुद्र्याकडे पाहिलेसुद्धा नाही. सरळ व्हीएक्सची सीट काढायला सांगितली, टॉर्च घेऊन इंजिनच्या बाजूला हात घातला आणि आतून हलवर बोटे फिरवली. मग म्हणाले, "ह्या होडयेचा फायबर न्हय. ह्येच्यार जेलकोट धरूचो नाय."

त्यांचे म्हणणे बरोबर होते. व्हीएक्सचा हल एसएमसी या साहित्याचा आहे. रेझिन, तुकडे केलेले काचेचे धागे आणि भरणद्रव्य यांची कणकेसारखी लादी गरम साच्यात प्रचंड दाबाखाली दाबून तो बनवतात. साच्यातून सहज सुटावा म्हणून त्या लादीतच मेणासारखे द्रव्य मिसळलेले असते, आणि पॉलिएस्टर जेलकोटची पकड अशा पृष्ठभागावर नीट बसत नाही. कारखान्यातही त्यावर जेलकोट नसतो, रंगच असतो. म्हणजे मी ज्याला "मूळचा जेलकोट झिजला" म्हणत होतो तो मूळचा रंग होता. 2008 पासून यामाहाने वरच्या श्रेणीच्या यंत्रांसाठी आणलेले नॅनोएक्सेल हे याच जातीचे हलके साहित्य आहे. आमच्या जीटीआयचा हल मात्र हाताला ओळखीच्या अशा साध्या फायबरचा आणि त्यावर खरा जेलकोट असलेला निघाला.

हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. फायबरचा हल आतून खरखरीत असतो आणि त्यात मॅटचे धागे दिसतात, कारण साच्याला फक्त बाहेरची बाजू लागलेली असते; एसएमसी दोन्ही बाजूंनी दाबलेला असल्याने आतूनही सपाट लागतो. बाहेरून एखादा लपलेला कोपरा 320 च्या वॉटर पेपरने (पाणी लावून वापरायचा घासकागद; आकडा जितका मोठा तितका कागद बारीक) घासून पाहावा. जेलकोट असेल तर एकाच रंगाची भुकटी निघत राहते आणि रंग खोलपर्यंत तोच राहतो. रंग असेल तर चार-सहा हातांतच प्रायमरची कडी दिसते आणि तिच्या आत करडे अंग उघडे पडते. भुकटीऐवजी प्लास्टिकचे बारीक तंतू वळून येऊ लागले तर तिथेच थांबावे. त्याविषयी पुढे लिहितो.

या दोन प्रकारांत एक असमानता आहे आणि निर्णयाची किल्ली मला तिच्यात सापडली. जेलकोटच्या हलवर जेलकोटही बसतो आणि इपॉक्सी प्रायमर मारून रंगही बसतो. एसएमसीच्या हलवर रंगच बसतो. म्हणजे निवडीचा प्रश्न मुळात फायबरच्या हलपुरताच आहे, आणि व्हीएक्ससारख्या यंत्राच्या मालकाला जर कोणी "आमचा जेलकोट कशावरही धरतो" असे सांगत असेल तर त्याने नमस्कार करून बाहेर पडावे.

व्हीएक्सचे दुसरे काम मी चारचाकी गाड्यांचे डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्या एका गॅरेजला दिले. त्यांच्याकडे बंद पेंट बूथ होता, आणि पावसाळ्यात त्याचेच महत्त्व सर्वांत जास्त. आपली अडचण अशी की जलक्रीडा मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरीपर्यंत बंद असते, म्हणजे यंत्रे दुरुस्तीला द्यायची ती नेमकी हवेत सर्वाधिक दमटपणा असतानाच. पीयूच्या हार्डनरमधले आयसोसायनेट रंगाशी जोडले जाण्याआधी हवेतल्या किंवा पृष्ठभागावरच्या पाण्याशी जोडले गेले तर त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि थरात टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे पडतात किंवा चकाकी मरून दुधी झाक येते. रंगकामाचा सर्वमान्य नियम असा की सापेक्ष आर्द्रता 85 टक्क्यांच्या खाली हवी आणि पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंशांनी जास्त हवे. जुलैतल्या कोकणात उघड्या पडवीत हे जमणे अशक्यच.

गॅरेजने हे निम्मे पाळले. तयारी उत्तम केली: आधी द्रावकाने मेण आणि तेल पुसले, मगच घासायला घेतले. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण आधी घासले तर मेण ओरखड्यांत दाबून बसते. उरलेला जेलकोट पूर्ण काढला, खड्ड्यांत इपॉक्सी लांबी भरली, इपॉक्सी प्रायमरचे दोन हात दिले आणि 320 च्या कागदाने समतल केले. पण रंगाच्या दिवशी दुपारी वीज गेली. बूथचा हीटर बंद पडला, आणि मिसळलेला रंग फुकट जाऊ नये म्हणून त्यांनी तसाच मारला. दुसऱ्या दिवशी मागच्या भागात ती दुधी झाक स्पष्ट दिसत होती. वाद घालावा लागला, पण त्यांनी तो भाग घासून पुन्हा करून दिला आणि जादा पैसे घेतले नाहीत. हे त्यांच्या बाजूने नोंदवतो.

दुसरी गोष्ट त्यांच्या विरुद्ध नोंदवावी लागेल. रंग मारणाऱ्या मुलाने तोंडाला रुमाल बांधला होता. आयसोसायनेटच्या फवाऱ्याने कायमचा दमा जडू शकतो आणि एकदा त्याची ॲलर्जी बसली की पुढे त्याचा अंशही सोसत नाही. त्यासाठी बाहेरची शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा लागतो; रुमाल त्यापुढे निव्वळ समाधान आहे. मी बोललो तर "सवय आहे" असे उत्तर मिळाले. पुढच्या वेळी काम देण्याआधी मी मुखवटा पाहीन, मग रंगाचा कॅटलॉग.

जीटीआयचे काम त्याच मालवणच्या कारागिरांनी केले, आणि ते पाहायला मी जवळजवळ रोज जात होतो. पहिले तीन आठवडे त्यांनी काहीच केले नाही, म्हणजे मला तसे वाटले. हल उलटा करून, ड्रेनची बुचे काढून, पत्र्याच्या शेडमध्ये दोन हॅलोजन दिवे लावून ठेवला होता. अधूनमधून ते तळावर प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवत आणि सकाळी पाहत. आतून घाम धरला असेल तर फायबरमध्ये अजून पाणी आहे. तिसऱ्या आठवड्यात प्लास्टिक कोरडे निघाले तेव्हाच घासायला सुरुवात झाली.

तळाच्या मधल्या कण्यावर मी पूर्वी एका खड्ड्यात एम-सील भरले होते. ते पाहून कारागीर थोडे चिडले आणि छिन्नीने त्यांनी ते संपूर्ण उकरून काढले. कारण विचारले तेव्हा कळले की इपॉक्सीवर पॉलिएस्टर जेलकोट नीट सुकत नाही, चिकट आणि मऊ राहतो. त्यामुळे ज्या हलवर पुढे जेलकोट करायचा आहे त्याची डागडुजी पॉलिएस्टर किंवा व्हिनाइल एस्टरनेच करावी. उलट, रंगच द्यायचा असेल तर इपॉक्सी कधीही चांगले. घरगुती जुगाड करण्याआधी हा निर्णय घेऊन ठेवला तर पुढचा अर्धा दिवसाचा उकराउकरीचा खर्च वाचतो.

जेलकोट त्यांनी आयसोफ्थॅलिक प्रतीचा, निओपेंटिल ग्लायकॉल असलेला मागवला होता. साध्या ऑर्थो प्रतीपेक्षा तो महाग पडतो, पण पाणी आणि ऊन जास्त सोसतो. डब्यावरची तारीख त्यांनी मला मुद्दाम दाखवली, कारण जेलकोट काही महिन्यांतच जुना होतो आणि आपल्या उन्हाळ्यात गोदामात पडून राहिलेला तर त्याहून लवकर. तळ 80 च्या कागदाने खरखरीत केला होता. अर्धा किलो जेलकोटला सिरिंजने मोजून साडेसात मिली हार्डनर घातला जाई, आणि मिसळल्यापासून बारा-पंधरा मिनिटांत तो संपवावा लागे. हार्डनर एक टक्क्याच्या खाली गेला तर जेलकोट कधीच पुरा पिकत नाही. फार जास्त झाला तर ठिसूळ आणि पिवळा होतो. अंदाजाने झाकणभर ओतणारा कारागीर इथेच ओळखू येतो. प्रत्येक हातानंतर ते दातेरी पट्टी ओल्या थरात टेकवून जाडी पाहत होते. मला सर्वांत आवडली ती गोष्ट म्हणजे मेण त्यांनी फक्त शेवटच्या हातात मिसळले. जेलकोटचा हवेला लागलेला पृष्ठभाग चिकट राहतो, म्हणून मेण वर तरंगून त्याला झाकते. पण ते मधल्या हातात घातले तर पुढचा हात त्यावर धरत नाही.

अशा कामांच्या शेडमध्ये डोळ्यांवर चष्मा नसलेला माणूस दिसला तर मी बाहेरच थांबतो. हा हार्डनर म्हणजे एमईकेपी. त्याचा एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. आणि होड्यांचे रेझिन लवकर पिकावे म्हणून वेगळा मिळणारा कोबाल्ट त्याच्याशी थेट मिसळला तर पेट घेतो किंवा स्फोट होतो. हे आपल्या मच्छीमार बांधवांना ठाऊक असते, हौशी मालकांना नसते.

घासण्याचे काम 400 पासून सुरू होऊन 600, 800, 1000 आणि 1500 पर्यंत गेले, मग रबिंग कंपाउंड आणि बफिंग. तळ मी 800 वरच थांबवायला सांगितला, कारण वाळूवर टेकणाऱ्या भागाला आरसा करून काय मिळणार? पाण्याच्या बाहेर दिसणाऱ्या बाजू तेवढ्या चकचकीत केल्या. तळाच्या धारदार कडा मात्र त्यांनी तशाच राखल्या. त्या गोल झाल्या किंवा मागच्या भागात थर चढ-उतार झाला तर वेगात यंत्र वळणावर घसरते आणि नाक उड्या मारू लागते. मागच्या बाजूला कोरलेला हलचा ओळख क्रमांकही टेप लावून सांभाळला होता; तो बुजवणाऱ्या कार्यशाळा मी पाहिल्या आहेत, आणि मग नोंदणीच्या वेळी मालकाची धावपळ होते.

खर्चाचे सांगायचे तर व्हीएक्सचे रंगकाम 34 हजारांना आणि जीटीआयचा जेलकोट 27 हजार 500 रुपयांना पडला. जेलकोटमध्ये साहित्याचा वाटा कमी आणि मजुरीचा मोठा, रंगात उलट. मालवणात होड्यांमुळे फायबरचे हात स्वस्त आहेत म्हणून हा हिशेब असा लागला. पुण्या-मुंबईत तो उलटा लागला तर मला आश्चर्य वाटणार नाही. वजनाचा प्रश्न काही जण काढतात. आमच्या हलच्या तळाचे क्षेत्र चारेक चौरस मीटर धरले तर अर्ध्या मिलिमीटरचा जेलकोट अडीच किलोच्या आसपास भरतो. त्याहून जास्त तर पर्यटक जेवून येतात.

आता दोन हंगामांनंतर काय दिसते ते. व्हीएक्सच्या बाजू अजूनही नव्यासारख्या आहेत. निळ्या रंगाची झाक तसूभरही उतरलेली नाही. पण पहिल्याच डिसेंबरात तळाच्या कण्यावर रंग घासून जाऊन प्रायमरची करडी रेघ दिसू लागली. 2024 च्या पावसाळ्यात त्या रेघेवर इपॉक्सीत फायबरची अरुंद टेप बसवून वरून रंग दिला, तेव्हापासून ती तक्रार आटोक्यात आहे. दुसरी गोष्ट अशी की बरेच पीयू रंग कायम पाण्याखाली राहण्यासाठी बनवलेले नसतात. आमची यंत्रे रोज संध्याकाळी ट्रॉलीवर चढतात म्हणून चालले. जेट्टीला बांधून आठवडेच्या आठवडे पाण्यात ठेवणाऱ्याने रंग घेताना डब्यावर पाण्याखालच्या वापराचा उल्लेख आहे का, ते पाहूनच घ्यावा, नाहीतर फोड येतात.

जीटीआयचा तळ दोन हंगाम वाळू खाऊनही मॅटपर्यंत गेलेला नाही. कण्याच्या मागच्या अर्ध्या भागात जेलकोट पातळ झाला आहे एवढेच. बाजूंनी मात्र उन्हाने तो पांढुरका, भुकटाळ होतो. हंगामात दोनदा मेण आणि एकदा हलके पॉलिश केल्याशिवाय तो शोभत नाही, आणि गडद लाल किंवा निळा जेलकोट केला असता तर हे आणखी लवकर दिसले असते. पण त्याची जी सोय मला सर्वांत मोलाची वाटते ती दुरुस्तीची. जांभ्याच्या पायरीवर आपटून नाकाजवळ रुपयाएवढा टवका उडाला, तेव्हा आम्ही किनाऱ्यावरच तो भाग घासून सुकवला, डबीतला जेलकोट हार्डनर घालून भरला, हवा लागू नये म्हणून वरून सेलोटेप ताणून लावली, आणि जेवून आल्यावर टेप काढून कागद फिरवला. रंगाच्या थरावर असे करता येत नाही. तिथे प्रायमर, रंग, बंदूक आणि मेळ न बसणारा ठिपका हे सगळे आले.

म्हणून फायबरच्या हलसाठी माझे मत स्पष्ट आहे. व्यवसायासाठी, वाळूवर चालणाऱ्या यंत्राच्या तळाला जेलकोट. आणि यंत्र शेडमध्ये राहत असेल, महिन्यातून दोनदा निघत असेल आणि मालकाला त्याची शोभा हवी असेल तर पीयू. एकाच हलवर तळाला जेलकोट आणि बाजूंना पीयू असेही करता येते, आणि जीटीआयच्या बाजू पुन्हा करायची वेळ आली तर मी तेच करीन. मालवणच्या कारागिरांना मी पाचपैकी साडेचार गुण देतो. अर्धा गुण कापला तो वेळेबद्दल, कारण सांगितलेल्या तारखेपेक्षा काम अकरा दिवस उशिरा मिळाले आणि सप्टेंबरचा पहिला शनिवार-रविवार हातचा गेला. गॅरेजला साडेतीन.

गेल्या महिन्यात तारकर्लीच्या एका व्यावसायिक मित्राने त्याची सी-डू स्पार्क दाखवली आणि तिच्या तळाला काय करावे ते विचारले. कोपऱ्यात कागद फिरवला तर भुकटी न येता तंतू वळून आले. स्पार्कचा हल पॉलीटेकचा, म्हणजे काचधागा मिसळलेल्या पॉलिप्रॉपिलीनचा असतो. 2020 पासून जीटीआयलाही तोच येतो. पॉलिप्रॉपिलीनवर जेलकोट धरत नाही आणि साधा रंगही टिकत नाही. त्याचा रंग साहित्यातच मुरलेला असल्याने ओरखडे पडले तरी आतून दुसरा रंग डोकावत नाही. मी त्याला सांगितले की खोल भेग असेल तर प्लास्टिक वेल्डिंग करणारा शोध, नाहीतर तसेच चालव. तो जरा नाराज झाला, कारण त्याच्याकडे कोणीतरी जेलकोटचे कोटेशन आधीच देऊन गेले होते.